माधवराव शिंदे (ग्वाल्हेर)

महाराजा सर माधवराव जयाजीराव शिंदे (२० ऑक्टोबर १८७६ – ५ जून १९२५) हे ग्वाल्हेर संस्थानाचे अधिपती होते. १८८६ पासून मृत्यूपर्यंत त्यांनी राज्य केले. पैकी पहिली आठ वर्षे ते अल्पवयीन असल्यामुळे कारभार मंडळाच्या हाती होता. संस्थानातील शिक्षणसंस्था, पाटबंधारे, व्यापारमेळा आणि उद्योग यांना त्यांनी चालना दिली. रेल्वेच्या इतिहासात मात्र त्यांचे नाव दोन गोष्टींमुळे राहिले आहे. एक म्हणजे दोन फुटी रुळांची ग्वाल्हेर लाइट रेल्वे, आणि दुसरी म्हणजे जयविलास राजवाड्यातील भोजनाच्या मेजावर धावणारी चांदीची विजेची आगगाडी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात रुजलेला प्रतिकृती-रेल्वेचा छंद ज्या मोजक्या भारतीयांनी त्या काळात जोपासला, त्यांत मराठी भाषक घराण्यातील हे सर्वांत ठळक नाव होय.

त्यांचे नातू, केंद्रीय मंत्री माधवराव जिवाजीराव शिंदे (१९४५–२००१), यांचेही नाव तेच असल्यामुळे दोघांच्या माहितीची अनेकदा सरमिसळ होते. नातवाकडे १९८० च्या दशकात रेल्वे खात्याचे राज्यमंत्रिपद होते, त्यामुळे रेल्वेविषयीच्या लेखनात ही गल्लत विशेष आढळते. प्रस्तुत लेख आजोबांविषयी आहे.

घराणे आणि बालपण

शिंदे घराण्याचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेड. पेशव्यांच्या सेवेत पुढे आलेल्या राणोजी शिंद्यांनी माळव्यात घराण्याचा पाया घातला आणि त्यांचे पुत्र महादजी यांनी ते उत्तर हिंदुस्थानातील पहिल्या प्रतीच्या सत्तेपर्यंत नेले. महादजींचे निधन १७९४ मध्ये पुण्याजवळ वानवडी येथे झाले. तेथील शिंद्यांची छत्री पुणेकरांच्या परिचयाची आहे. पुढे राजधानी ग्वाल्हेरला स्थिरावली, तरी घराण्याची आणि सरदारवर्गाची भाषा मराठीच राहिली. कवी भा. रा. तांबे यांचा जन्म याच संस्थानातील मुंगावलीचा, हे लक्षात घेतले म्हणजे तेथील मराठी समाज किती मुरलेला होता याची कल्पना येते.

माधवरावांचे वडील जयाजीराव यांनी १८७४ मध्ये जयविलास राजवाडा उभारला. त्याचा आराखडा मायकेल फिलोस यांचा होता. रेल्वेचा संबंधही वडिलांपासूनच येतो. आग्रा–ग्वाल्हेर आणि इंदूर–नीमच या लोहमार्गांसाठी जयाजीरावांनी ब्रिटिश सरकारला प्रत्येकी ७५ लाख रुपये कर्जाऊ दिले होते. त्या काळी ही रक्कम प्रचंड होती. या व्यवहारात संस्थानाला व्याज मिळाले, पण लोहमार्गावर अधिकार मिळाला नाही. मुलाने पुढे स्वतःचीच रेल्वे बांधण्याचा ध्यास का घेतला, याचे एक कारण येथे शोधता येईल.

२० जून १८८६ रोजी जयाजीरावांचे निधन झाले तेव्हा माधवराव दहा वर्षांचेही नव्हते. त्याच वर्षी ग्वाल्हेरचा किल्ला इंग्रजांनी झाशीच्या बदल्यात शिंद्यांना परत दिला होता. अल्पवयीन राजाच्या नावाने कारभार मंडळ राज्य पाहू लागले आणि शिक्षणाची जबाबदारी इंग्रज शिक्षकांकडे गेली. माधवरावांना लहानपणापासून यंत्रांचे आकर्षण होते. संस्थानिकांच्या मुलांना तेव्हा घोडेस्वारी, शिकार आणि कवायत यांत वाढवले जाई. या गोष्टी त्यांनीही केल्या. शिकारीत तर ते इतके रमले की वाघाच्या शिकारीवर त्यांनी इंग्रजीत मार्गदर्शक पुस्तकच लिहिले. पण त्याबरोबरच इंजिन कसे चालते आणि वाफ कोठून कोठे जाते हे समजून घेण्याची त्यांना असलेली ओढ वेगळी होती. आगगाडीचे इंजिन ते स्वतः चालवू शकत.

१५ डिसेंबर १८९४ रोजी त्यांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले. त्या वेळी ते अठरा वर्षांचे होते. राज्याचे क्षेत्रफळ २५,००० चौरस मैलांहून अधिक होते आणि २१ तोफांच्या सलामीचा मान असणाऱ्या मोजक्या संस्थानांत ग्वाल्हेरची गणना होत होती.

दोन फुटी रुळांची रेल्वे

ग्वाल्हेर लाइट रेल्वेची सुरुवात राजाच्या हौसेतून झाली असे म्हटले जाते आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. अधिकार मिळण्याच्या आसपासच्या काळात राजधानीच्या परिसरात दोन फूट म्हणजे ६१० मिलिमीटर अंतराचे रूळ टाकले गेले. महाराष्ट्रातील वाचकाला हे माप सहज समजेल, कारण १९०७ मध्ये सुरू झालेल्या नेरळ–माथेरान गाडीचे रूळही याच मापाचे आहेत. माथेरानच्या गाडीला बोलण्यात 'खेळण्यातली गाडी' म्हणण्याची पद्धत आहे, पण ग्वाल्हेरच्या बाबतीत हा शब्द अपुरा ठरतो. राजाच्या करमणुकीपासून सुरू झालेली ही छोटी लाइन थोड्याच वर्षांत शेकडो खेड्यांची एकमेव आगगाडी बनली.

यामागे साधे गणित होते. ग्वाल्हेरच्या पूर्वेस भिंड, नैर्ऋत्येस शिवपुरी आणि पश्चिमेस श्योपूर हे सगळे चंबळच्या खोऱ्याच्या आसपासचे भाग. जमीन ओघळींनी फाटलेली, वस्ती विरळ आणि मालाची वाहतूक बेताची. येथे ब्रॉडगेज लोहमार्ग टाकला असता तर त्याचा खर्च कधीच भरून निघाला नसता. अरुंद रुळांना भराव कमी लागतो, वळणे तीव्र घेता येतात, पूल हलके चालतात आणि इंजिने स्वस्त पडतात. डोंगरावर चढण्यासाठी जी सोय इतरत्र वापरली गेली, तीच माधवरावांनी सपाट पण दुर्गम मुलखासाठी वापरली. १८९९ च्या अखेरीस व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या ग्वाल्हेर भेटीत या रेल्वेचे औपचारिक उद्घाटन झाले. भिंडचा मार्ग सुमारे ८० किलोमीटरचा, शिवपुरीचा सुमारे १२० किलोमीटरचा. तिसरी शाखा जौरा, सबलगढ, बीरपूर असे टप्पे घेत १९०९ मध्ये श्योपूरला पोहोचली. तिची लांबी जवळपास २०० किलोमीटर होती. दोन फुटी रुळांवरील इतका लांब सलग प्रवास जगात फार थोड्या ठिकाणी होता.

शिवपुरीचा मार्ग राजाच्या विशेष जिव्हाळ्याचा होता. शिवपुरी ही संस्थानाची उन्हाळी राजधानी होती. दरवर्षी दरबार, दफ्तरे आणि नोकरवर्ग याच छोट्या गाडीने तिकडे हलत असे. जंगलातून जाणारा हा मार्ग शिकारीलाही उपयोगी पडे. राजाची सोय आणि प्रजेची सोय या रेल्वेत पहिल्यापासून एकत्र मिसळलेल्या होत्या. त्यांतली कोणती आधी आणि कोणती नंतर, याचा निवाडा करणे अवघड आहे. परंतु करमणूक म्हणून सुरू केलेले काम बाजूला न टाकता त्याला वेळापत्रक, तिकीटघर आणि मालधक्का देणे हे त्या काळच्या किती राजांनी केले, असा प्रश्न मात्र विचारता येतो.

चांदीची आगगाडी

युरोपात खेळण्यातील आगगाड्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून होत्या. पण त्या सुट्या विकल्या जात आणि एका कारखान्याची गाडी दुसऱ्याच्या रुळांवर चालत नसे. १८९१ मध्ये जर्मनीतील मेर्क्लिन या कारखान्याने लाइपझिगच्या जत्रेत रुळांची ठरावीक मापे आणि क्रमाक्रमाने वाढवता येणारे संच मांडले, आणि येथून खेळण्याचा छंद झाला. आज एक इंजिन घ्यावे, पुढच्या वर्षी सांधा आणि त्यानंतर स्थानक, अशी ही वाढ होई. इंग्लंडमध्ये हा छंद प्रौढांपर्यंत नेण्याचे मोठे श्रेय नॉर्थॅम्प्टनच्या वेनमन जोसेफ बॅसेट-लोक (१८७७–१९५३) यांना जाते. माधवरावांपेक्षा वयाने केवळ एका वर्षाने लहान असलेल्या या माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टपालाने मालविक्रीचा व्यवसाय सुरू केला. हेन्री ग्रीनली या अभियंत्याच्या मदतीने त्यांनी खऱ्या इंजिनांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती विकायला काढल्या. हौशी ग्राहकाला रंग, कडा आणि चाकांची संख्यादेखील मूळ इंजिनाप्रमाणे हवी असते, हे त्यांनी ओळखले होते.

याच कंपनीकडे ग्वाल्हेरची मागणी गेली आणि १९०६ मध्ये चांदीची आगगाडी तयार झाली. मागणी प्रतिकृतीची असली तरी गाडीला काम नेमून दिलेले होते. जेवणानंतर पाहुण्यांपुढे मद्य, सिगार आणि सुकामेवा फिरवण्याची इंग्रजी रीत होती, आणि ते काम नोकरांऐवजी गाडीने करायचे होते. इंजिनामागे सात डबे आणि प्रत्येक डब्यावर एक रोमन अक्षर. सातही अक्षरे मिळून घराण्याचे इंग्रजी नाव होते. डब्यांत काचेच्या नक्षीदार सुरया बसवलेल्या होत्या. मेजाच्या कडेने वळसे घेणारे रूळ टाकलेले होते आणि यजमानाच्या आसनाजवळ विजेच्या बटणांची फळी होती. गाडी सोडणे, थांबवणे आणि वेग कमी-अधिक करणे हे सर्व महाराज स्वतः बसल्या जागेवरून करीत.

या यंत्रातील सर्वांत चतुर भाग सुरईखालचा होता. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी आपोआप थांबे आणि परत जागेवर ठेवली की पुढे निघे. म्हणजे सुरईच्या वजनाने विद्युतमंडल जोडलेले राही व वजन निघाले की ते तुटे. कल्पना साधी आहे, परंतु तिच्यामुळे गाडी केवळ पाहण्याची वस्तू न राहता पाहुण्याशी व्यवहार करणारे यंत्र बनली. आजच्या प्रतिकृती-रेल्वेत सिग्नल, फाटक आणि सांधे गाडीच्या हालचालीनुसार आपोआप चालतात. त्या तत्त्वाचा हा एक आरंभीचा आणि राजेशाही नमुना मानायला हरकत नाही.

माधवराव थट्टेखोर म्हणून प्रसिद्ध होते आणि गाडीची बटणे त्यांच्याच हातात असत. ज्या पाहुण्यावर मर्जी नसेल त्याच्यासमोरून गाडी न थांबता पुढे जाई, अशी आख्यायिका आहे. एका मेजवानीत विजेचा दोष होऊन गाडी अनावर झाली आणि व्हाइसरॉयसह पाहुण्यांच्या कपड्यांवर पेयांचा वर्षाव झाला, अशीही एक कथा सांगितली जाते. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'फ्रीडम ॲट मिडनाइट' या लापिएर व कॉलिन्स यांच्या पुस्तकामुळे ती जगभर पोहोचली. या कथांचा सूर नेहमी संस्थानिकांच्या उधळेपणाची टिंगल करणारा असतो. त्यांत तथ्य नाही असे म्हणता येणार नाही, कारण चांदीच्या गाडीचा खर्च अखेर रयतेच्या महसुलातूनच झाला. पण एक बाजू अशीही आहे की ज्या राजाला परराष्ट्र व्यवहार, मोठे सैन्य किंवा मुख्य लोहमार्ग यांपैकी कशावरच अधिकार नव्हता आणि ज्याच्या प्रत्येक महत्त्वाच्या निर्णयावर इंग्रज रेसिडेंटची नजर असे, त्याच्या मेजावर साम्राज्याचे प्रतिनिधी गाडी आपल्यापुढे थांबेल की नाही याची वाट पाहत बसत.

गाडीची देखभाल हा स्वतंत्र विषय आहे. चांदी हवेने काळवंडते आणि काळवंडलेल्या पृष्ठभागातून वीज नीट वाहत नाही. म्हणून रूळ व चाके सतत स्वच्छ ठेवावी लागतात. पितळी किंवा निकेलच्या रुळांवर प्रतिकृती चालवणाऱ्या हौशी मंडळींनाही हाच त्रास होतो, आणि रूळ पुसणे हे या छंदातील निम्मे काम आहे असे ते म्हणतात. राजवाड्यात ते नोकरवर्ग करीत असे, एवढाच फरक.

विवाह आणि कुटुंब

माधवरावांचा पहिला विवाह लहान वयात चिंकूराजे यांच्याशी झाला. त्यांना अपत्य नव्हते. १९११ च्या सुमारास बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या कन्या इंदिराराजे यांच्याशी त्यांचा विवाह ठरला. इंदिराराजे त्यांच्यापेक्षा सुमारे सोळा वर्षांनी लहान होत्या. दिल्ली दरबाराच्या वेळी त्यांची कूचबिहारचे राजपुत्र जितेंद्रनारायण यांच्याशी ओळख झाली, आणि त्यांनी स्वतःच माधवरावांना पत्र लिहून विवाह मोडला. त्या काळच्या राजघराण्यांत मुलीने असे पाऊल उचलणे अश्रुतपूर्व होते. ग्वाल्हेरहून बडोद्याला खुलासा मागणारी तार गेली तेव्हा मुलीच्या आईवडिलांना हा प्रकार प्रथम समजला. माधवरावांनी त्यानंतर प्रकरण वाढवल्याचे दिसत नाही. १९१३ मध्ये त्यांनी गोव्याच्या राणे घराण्यातील गजराराजे यांच्याशी विवाह केला. त्यांना कमलाराजे आणि जिवाजीराव ही दोन अपत्ये झाली. राजा पंचम जॉर्ज व राणी मेरी यांच्यावरून मुलांना जॉर्ज आणि मेरी अशी जोडनावेही देण्यात आली होती.

मातोश्री सख्याराजे यांच्यावर माधवरावांची विलक्षण श्रद्धा होती. त्यांच्या स्मरणार्थ शिवपुरीत छत्री उभारण्यात आली असून तेथील मूर्तीची सेवा जिवंत व्यक्तीप्रमाणे करण्याचा प्रघात पडला.

सार्वजनिक कार्य

१८९७ मध्ये सरदारांच्या मुलांसाठी स्थापन झालेली आणि पुढे ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर नावारूपाला आलेली शाळा आज सिंदिया स्कूल म्हणून ओळखली जाते. १९०५ मध्ये त्यांनी सुरू केलेला ग्वाल्हेरचा व्यापारमेळा अद्याप भरतो. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांना त्यांनी आश्रय दिला, आणि १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. टाटांच्या पोलाद कारखान्याला खेळत्या भांडवलासाठी कर्जरोखे काढावे लागले तेव्हा ४ लाख पौंडांचे सर्व रोखे एकट्या माधवरावांनी घेतले. भारतीय उद्योगाच्या इतिहासात या एका व्यवहाराचे महत्त्व चांदीच्या गाडीपेक्षा कितीतरी अधिक आहे, पण लोकांच्या स्मरणात गाडीच राहिली.

जहाजांशी त्यांचा संबंधही नोंदवण्यासारखा आहे. चीनमधील बॉक्सर बंडाच्या वेळी ते जनरल गॅसेली यांच्याबरोबर तिकडे गेले आणि स्वखर्चाने एक रुग्णालयजहाज पुरवले. पहिल्या महायुद्धात 'एम्प्रेस ऑफ इंडिया' हे प्रवासी जहाज त्यांच्या पुढाकाराने विकत घेण्यात आले आणि 'लॉयल्टी' या नावाने जखमी भारतीय सैनिकांसाठी रुग्णालयजहाज म्हणून चालवले गेले. युद्धानंतर हे जहाज वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आदींच्या नव्या कंपनीने घेतले. कंपनीला नाव मिळाले सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनकडे निघाली. तो दिवस आता राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

तिघ्रा धरण

ग्वाल्हेर शहराच्या पाण्यासाठी सांक नदीवर बांधलेले तिघ्रा धरण हे माधवरावांच्या काळातील सर्वांत महत्त्वाकांक्षी काम होते. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी पुण्याजवळ खडकवासल्याला बसवलेली स्वयंचलित दारांची योजना येथेही वापरण्यात आली. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढले की दारे आपोआप उघडतात आणि उतरले की मिटतात, अशी ही रचना होती. यंत्राची आवड असलेल्या राजाला ती पसंत पडली यात नवल नाही. परंतु १९ ऑगस्ट १९१७ रोजी, बांधकाम पूर्ण होऊन जेमतेम एक वर्ष झाले असताना, धरण फुटले. दोष दारांचा नव्हता. पायाखालच्या वालुकाश्मात पाणी झिरपून भिंतीचा आधार गेला होता. खालच्या भागातील वस्तीत मोठी प्राणहानी झाली आणि भारतातील धरणफुटींच्या इतिहासात ही दुर्घटना गंभीर मानली जाते. धरण पुन्हा उभे राहिले ते माधवरावांच्या मृत्यूनंतर, १९२९ मध्ये. त्यांच्यावरील गौरवपर लेखनात या घटनेला बहुधा जागा मिळत नाही.

मृत्यू आणि नंतर

१९२५ मध्ये युरोपच्या प्रवासात असताना ५ जून रोजी पॅरिस येथे आजारपणात माधवरावांचे निधन झाले. ते ४८ वर्षांचे होते. शिवपुरीत मातोश्रींच्या छत्रीसमोर संगमरवरात जडावकाम केलेली त्यांची छत्री आहे. पुत्र जिवाजीराव त्या वेळी नऊ वर्षांचेही नव्हते. बापाप्रमाणे मुलाचे राज्यही कारभार मंडळाच्या देखरेखीत सुरू झाले आणि १९३६ मध्ये त्यांना पूर्ण अधिकार मिळाले.

छोट्या लाइनीचे नाव १९४२ मध्ये सिंदिया स्टेट रेल्वे असे झाले. १९५१ मध्ये ती मध्य रेल्वेत विलीन झाली. शिवपुरीचा अरुंद मार्ग पुढे बंद पडला आणि भिंडच्या मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले. श्योपूरची गाडी सर्वांत अधिक टिकली. दहा-अकरा तासांच्या तिच्या प्रवासात डब्यांच्या टपांवरही माणसे बसलेली असत, आणि ते दृश्य देशी-परदेशी रेल्वेप्रेमींना ग्वाल्हेरला ओढून आणत असे. २०२० मधील टाळेबंदीत ही गाडी थांबली ती पुन्हा सुरू झाली नाही. त्या मार्गाचेही रुंदीकरण हाती घेण्यात आले. दरम्यान, १९८८ मध्ये पहिली शताब्दी एक्सप्रेस दिल्लीहून ग्वाल्हेरच्या दिशेने धावू लागली तेव्हा रेल्वे राज्यमंत्री माधवरावांचे नातू होते.

महाराष्ट्रात प्रतिकृती-रेल्वेचा छंद सर्वसामान्यांपुढे आला तो बऱ्याच काळाने. पुण्यात कोथरूडजवळ भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या संग्रहातून उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय १९९८ मध्ये खुले झाले. तेथे तिकीट काढून कोणालाही सिग्नल, उड्डाणपूल आणि सांधे यांसह धावणारे संपूर्ण शहर पाहता येते. ग्वाल्हेरची गाडी त्याआधीच लोकांसाठी खुली झालेली होती. जिवाजीरावांच्या मृत्यूनंतर विजयाराजे शिंदे यांनी राजवाड्याच्या एका भागाचे संग्रहालय केले आणि १२ डिसेंबर १९६४ रोजी राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. चांदीची आगगाडी तेथील भोजनगृहात, मेजावर टाकलेल्या तिच्या रुळांवरच उभी आहे.